सर्गेई ग्रिंकोव : बर्फावरचा अबोल जोडीदार



मागे पाचवीच्या वर्गात खेळाडूंची ओळख करून देत होते. सचिन झाला, पी. टी. उषा झाली, खाशाबा जाधव झाले. मग एका मुलीने विचारले की, बाई, कुणाला हरवायचं नाही, फक्त दोघांनी मिळून नीट करून दाखवायचं, असा एखादा खेळ असतो का? मला पटकन उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर आठवण झाली ती पेअर फिगर स्केटिंगची आणि त्यातल्या सर्गेई ग्रिंकोवची. आज त्याच्याविषयी थोडे सविस्तर.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे मुलांनी चाकांचे स्केट्स पाहिलेले असतात. इथे बुटाच्या तळाला पोलादी पाते असते आणि खाली गुळगुळीत बर्फाचे मैदान. एक मुलगा आणि एक मुलगी संगीतावर एकत्र स्केटिंग करतात. शेजारी शेजारी एकाच क्षणी उड्या मारायच्या, एकाच लयीत गिरक्या घ्यायच्या. शिवाय मुलाने मुलीला एका हातावर डोक्याच्या वर उचलून वेगाने पुढे जायचे, तिला हवेत फेकायचे, तिने गिरक्या घ्यायच्या आणि त्याने तिला अलगद झेलायचे. दोन दिवस स्पर्धा चालते. पहिल्या दिवशी छोटा, ठरवून दिलेल्या घटकांचा कार्यक्रम आणि नंतर मोठा, मुक्त कार्यक्रम. त्या काळी परीक्षक सहापैकी गुण देत. आपण १५ ऑगस्टला मुलांचे मनोरे करतो ना, तेव्हा वरच्या थरावरच्या पोराचा सगळा भरवसा खालच्या खांद्यांवर असतो. तसाच भरवसा, पण तासाला कितीतरी किलोमीटरच्या वेगाने आणि बर्फावर.

सर्गेईचा जन्म ४ फेब्रुवारी १९६७ रोजी मॉस्को शहरात झाला. तेव्हा तो देश सोव्हिएत संघ होता. वडील मिखाईल आणि आई आना, दोघेही मॉस्कोच्या पोलीस खात्यात नोकरीला. एक मोठी बहीण, नताल्या. घरात खेळाडूपणाची किंवा कलेची परंपरा वगैरे काही नव्हती. पाच वर्षांचा असताना त्याला लष्कराच्या त्सेस्का या क्रीडा संस्थेच्या स्केटिंग शाळेत घातले.

तिथे तो रमला, पण एकट्याने खेळायच्या प्रकारात त्याची फार प्रगती होईना. उड्या कमी पडत होत्या. प्रशिक्षक व्लादिमीर झाखारोव यांनी त्याला घरी पाठवले नाही, त्याला दुसऱ्या प्रकारात घालून पाहिले. १९८१ साली, चौदा वर्षांच्या सर्गेईची जोडी त्यांनी दहा वर्षांच्या एका किरकोळ अंगाच्या मुलीबरोबर लावली. तिचे नाव येकातेरिना गोर्देयेवा, लाडाने कात्या. तिच्याही उड्या एकटीच्या स्पर्धेसाठी पुरेशा जोरदार नव्हत्या. म्हणजे बघा, एकेकट्याने मागे पडलेली ही दोन मुले. (आपण पहिल्या चाचणीनंतरच मुलाच्या नावापुढे मनातल्या मनात एक शेरा मारून टाकतो. मीही मारलेला आहे, खोटं कशाला बोलू.)

कात्या बोलकी, वेळेची पक्की, सगळे मनापासून करणारी. सर्गेई शांत, थोडा बिनधास्त. सुरुवातीला तो सरावाला दांडीही मारायचा. चौदा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचे असणार? बर्फावर मात्र दोघांची लय इतकी जुळायची की पाहणाऱ्याला शिकवल्यासारखी वाटायचीच नाही. कात्याचे वडील लोकनृत्य करणारे नर्तक होते, त्यामुळे ताल तिच्या अंगात होताच. मरीना झुएवा या नृत्यरचनाकार बाईंनी त्या दोघांना संगीत ऐकायला शिकवले. नुसत्या उड्या मोजू नका, सुरांबरोबर हात कुठे जातो ते बघा, अशा पद्धतीने त्या शिकवत. पुढे मिळालेल्या सगळ्या पदकांच्या मागे या बाईंचे काम आहे असे माझे मत.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे दोघांनी ज्युनियर जागतिक अजिंक्यपद मिळवले. आणि पुढच्याच हंगामात मोठ्यांच्या गटात आल्यावर, १९८६ साली जिनिव्हा इथे थेट जागतिक विजेते झाले. कात्या तेव्हा चौदा वर्षांची होती, सर्गेई एकोणीस.

हे यश वरून जेवढे गोड दिसते तेवढे ते दिवस गोड नव्हते. त्या काळात त्यांचे प्रशिक्षक होते स्तानिस्लाव झुक. फार मोठे नाव, अनेक विजेते घडवलेले. पण अतिशय कडक, मुलांना घालूनपाडून बोलणारे, आणि दारूचे व्यसन. सर्गेईला हे मानवत नव्हते. तो उलट बोलत नसे, पण मानही खाली घालत नसे. शेवटी त्या गटातल्या खेळाडूंनी मिळून संस्थेच्या वरिष्ठांकडे तक्रार केली आणि या जोडीला स्तानिस्लाव लिओनोविच हे नवे प्रशिक्षक मिळाले. ते स्वतः जोडीचे स्केटर होते, स्वभावाने मवाळ. या बदलानंतर त्यांचा खेळ अधिक मोकळा झाला. धाकाशिवाय मुले शिकत नाहीत असे म्हणणाऱ्या पालकांना मी हा प्रसंग हटकून सांगते.

१९८७ साली सारायेवो इथल्या युरोपीय स्पर्धेत एक विचित्र गोष्ट घडली. कार्यक्रम चालू असताना सर्गेईच्या पँटचा बुटाखाली अडकवायचा पट्टा तुटून लोंबू लागला. अपघात होईल म्हणून पंचांनी शिट्टी वाजवली आणि संगीत बंद करायला लावले. पण ही दोघे थांबलीच नाहीत. संगीत नसताना, शांत स्टेडियममध्ये, त्यांनी ठरलेला कार्यक्रम शेवटपर्यंत पूर्ण केला. पंचांनी पुन्हा सुरुवातीपासून करण्याची संधी दिली, ती त्यांनी घेतली नाही, आणि स्पर्धेतून बाद झाले. यात चूक कुणाची यावर आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चांगलाच वाद झाला होता. माझ्या मते पंचांचे बरोबर होते. नियम खेळाडूच्या पायाच्या काळजीपोटीच होता.

पुढच्याच महिन्यात सिनसिनाटी इथे ते पुन्हा जागतिक विजेते झाले. तिथे सर्गेईने कात्याला हवेत फेकले, तिने हवेत चार पूर्ण गिरक्या घेतल्या आणि त्याने तिला झेलले. चार गिरक्यांचा हा ट्विस्ट आजही फार थोड्या जोड्या करतात.

मग आला नोव्हेंबर १९८७. ऑलिम्पिकला जेमतेम तीन महिने राहिलेले. सरावात सर्गेईने कात्याला डोक्यावर उचललेले असताना त्याच्या स्केटचे पाते बर्फातल्या खाचेत अडकले. तो कोसळला आणि ती वरून थेट कपाळावर आपटली. मेंदूला मार बसल्याने तिला सहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. सर्गेई गुलाबाची फुले घेऊन तिला भेटायला गेला. न बोलणारा हा मुलगा त्या दिवशी चेहऱ्यावरची अपराधी भावना लपवू शकला नाही. कात्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले आहे की त्या अपघातानंतर त्याच्या पकडीत फरक पडला. आधी दोघे एकत्र स्केटिंग करणारी दोन मुले होती, नंतर तो तिला जपू लागला. मला या सगळ्या चरित्रातला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. चूक त्याने नाकारली नाही आणि तिने त्याच्या हातांवरचा विश्वास सोडला नाही. परत सराव सुरू झाला तेव्हा तोच लिफ्ट त्याच हातांनी पुन्हा करायचा होता.

फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ती सोळा वर्षांची, तो नुकताच एकवीस पूर्ण केलेला. दोघांच्या उंचीत जवळपास फूटभर अंतर. त्यानंतर बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मात्र दुसऱ्या क्रमांकावर जावे लागले. १९८९ ला पॅरिस आणि १९९० ला हॅलिफॅक्स इथे पुन्हा जागतिक विजेतेपद, म्हणजे एकूण चार.

खेळातले जोडीदार हळूहळू आयुष्याचे जोडीदार झाले. १९९० मध्ये सर्गेईचे वडील हृदयविकाराने गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. एप्रिल १९९१ मध्ये मॉस्कोत लग्न झाले. तोवर त्यांनी हौशी स्पर्धा सोडून व्यावसायिक कार्यक्रमांत काम सुरू केले होते. अमेरिकेत स्टार्स ऑन आइस नावाचा दौरा चालायचा, गावोगाव, जवळजवळ रोज नवे शहर. सप्टेंबर १९९२ मध्ये मुलगी झाली, दारिया. याच काळात त्यांचा सोव्हिएत संघ नावाचा देशच नकाशावरून नाहीसा झाला.

व्यावसायिक झालेल्या स्केटर्सना परत ऑलिम्पिकला येता येत नसे. १९९४ च्या ऑलिम्पिकसाठी मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेने परतीची संधी दिली. या दोघांनी ती घेतली. घरी दीड वर्षाचे मूल, आणि समोर १९९२ चे ऑलिम्पिक विजेते मिश्कुत्योनोक आणि दिमित्रिएव्ह, तेही रशियाचेच. मरीना झुएवा यांनी बीथोवनच्या मूनलाइट सोनाटा या रचनेवर त्यांचा मुक्त कार्यक्रम बसवला. हा व्हिडिओ इंटरनेटवर मिळतो, मुलांना जरूर दाखवा. सहा वर्षांपूर्वी कॅलगरीत फटाक्यासारख्या उडणाऱ्या मुलीच्या जागी इथे एक आई दिसते. एका जागी सर्गेई तिच्यासमोर गुडघ्यांवर सरकत येतो. उड्यांमध्ये त्याच्याकडून किरकोळ चूकही झाली. तरी परीक्षकांनी त्यांनाच पहिले ठेवले. नॉर्वेतल्या लिलेहॅमरच्या या स्पर्धेतले सुवर्ण त्यांनी रशियाच्या झेंड्याखाली घेतले. कॅलगरीचे घेतले होते सोव्हिएत संघाच्या.

स्पर्धा संपल्यावर ते अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या सिम्सबरी इथे राहू लागले. सर्गेईला पाठीचे दुखणे सुरू झाले होते, बाकी तब्येत ठणठणीत. निदान सगळ्यांना तसे वाटत होते.

२० नोव्हेंबर १९९५. लेक प्लॅसिड या गावी नव्या दौऱ्याचा सराव चालू होता. ग्रीगच्या संगीतावर दोघे स्केटिंग करत होते. एका वळणावर सर्गेईचे हात तिच्या कमरेभोवती यायला हवे होते, ते आले नाहीत. तो वाकला, गुडघ्यांवर बसला आणि मग बर्फावर आडवा झाला. कात्याला वाटले पाठच पुन्हा धरली असणार. रुग्णालयात नेले, पण तो वाचला नाही. हृदयविकाराचा झटका. वय अवघे अठ्ठावीस. दारिया तीन वर्षांची.

तपासणीत कळले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या फार मोठ्या प्रमाणात बंद झाल्या होत्या. रोज तासनतास व्यायाम करणारा, जगातला अव्वल खेळाडू, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसासारख्या धमन्या! अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतल्या संशोधकांनी त्याच्या रक्ताचा अभ्यास केला. रक्त गोठवणाऱ्या पेशी जास्त चिकट बनवणारे एक जनुकीय वैशिष्ट्य त्याच्यात आढळले. ते आईवडिलांकडून मुलांकडे येऊ शकते. वडिलांचे उदाहरण घरातच होते, पण निरोगी दिसणाऱ्या तरुणाची तशी तपासणी करायचे कोणाला सुचले नाही. आपल्या शाळेच्या आरोग्य तपासणी कार्डावर कुटुंबातल्या आजारांची माहिती लिहायची असते, तिथे आपण बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ मारतो. मी यंदापासून पालकसभेत तो रकाना वाचून दाखवून विचारायला लागले आहे.

सर्गेईला मॉस्कोच्या वागान्कोवो दफनभूमीत पुरण्यात आले.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी हार्टफर्ड इथे सहकारी स्केटर्सनी त्याच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. दहाव्या वर्षापासून कात्या कधी एकटी प्रेक्षकांसमोर उतरली नव्हती. त्या रात्री ती मालेरच्या पाचव्या सिंफनीतल्या संथ भागावर एकटीच बर्फावर आली. रचना मरीना झुएवा यांचीच. नाच दोघांचा असावा तसा ती करत राहिली, हात पुढे करत, शेजारची जागा मोकळी ठेवून.