चिरलेल्या फळीचा सुतार

कसबा पेठेतला आमचा वाडा उतरवला, तेव्हा परसातली चिंचही गेली. तिच्या बुंध्याचा एक तुकडा मी मागून घेतला आणि सालीची वेडीवाकडी कड तशीच ठेवून वाडगा करून द्या, म्हणून एका काताऱ्याकडे गेलो. त्याने तुकडा उलटून चीर दाखवली. लेथवर फिरताना असे लाकूड फुटून तोंडावर येते. त्याची भीती खोटी नव्हती. बंबात घाला, एवढाच त्याचा निकाल. परतताना मला जॉर्ज नाकाशिमा आठवला.

जपानी आईबापांचा हा मुलगा १९०५ साली अमेरिकेत जन्मला, वास्तुशास्त्र शिकला. टोकियोत अँटोनिन रेमंडकडे काम करताना श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंद’ वसतिगृहासाठी तो पाँडिचेरीला आला. बांधकामावर देखरेख करायला आलेला हा माणूस साधकच होऊन बसला. आश्रमात त्याचे नाव सुंदरानंद.

पण मला त्याच्या आयुष्याचे खरे वळण पाँडिचेरी वाटत नाही. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले. बायको मॅरियन आणि तान्ही मीरा (नाव कसे आपल्या घरातले वाटते!) यांच्यासह नाकाशिमा आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत पोचला. तिथे गेंतारो हिकोगावा हा मुरलेला सुतार भेटला आणि सदतिशीतला वास्तुविशारद त्याच्या हाताखाली उमेदवार झाला. चांगले लाकूड तिथे कुठले? उरल्यासुरल्या फळ्या आणि माळावरची वाकडी झुडपे. गाठ टाळायची सोयच नव्हती.

१९४३ मध्ये रेमंडच्या खटपटीने सुटका झाली. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला त्याने पुढे स्वतःचा कारखाना काढला. अक्रोडाच्या रुंद फळ्यांची मूळ कड तो राखी. चीर न लपवता तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पाचर बसवी. चीर लाकडाच्या रेषेने धावते; डमरूची दोन रुंद टोके दोन्ही काठ धरून ठेवतात. १९६४ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन काम करून गेला. १९९० मध्ये वारला.

माझा तुकडा माळ्यावर आहे. ओल सावकाश जावी म्हणून टोकांना मेण चोपडले आहे. चीर बोटभर वाढून थांबलेली दिसते. काताऱ्याला मी डमरूचे चित्र काढून दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले. पाचरी खोलवर बसवून आणा, मग बघू, म्हणाला.