लायब्ररी ‘बिल्ड’ होत नाही? हे काम यंत्राला शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर कोण होत्या?

शिरूर किंवा दौंडमधला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी रात्री लॅपटॉपवर गणिताची लायब्ररी ‘बिल्ड’ करायला घेतो. फायलीमागून फायली कम्पाइल होतात आणि अगदी शेवटी एरर येते : ‘अनडिफाइंड रेफरन्स’. फंक्शनचे नाव आहे, पण त्याचा कोड सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. ही शोधाशोध आणि जुळणी यंत्राकडून करून घेण्याची सुरुवात केली ग्रेस हॉपर यांनी.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली गजराची सात घड्याळे खोलली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी., मग प्राध्यापकी. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये नौदलात जायचे ठरवले, तर वजन कमी भरले. खास परवानगी मिळवावी लागली. नेमणूक झाली हार्वर्डच्या ‘मार्क वन’ या अवाढव्य गणकयंत्रावर.

पुढे १९४७ मध्ये ‘मार्क टू’च्या रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. ‘बग’ हा शब्द तिथूनच आला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. इंजिनिअर तो आधीपासून वापरत होते.

खरी गोष्ट पुढची आहे. साइन काढणे, घातांक काढणे यांसाठीचे तयार कोड तेव्हा प्रोग्रॅमर वहीत लिहून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकाच्या जागेपासून सुरू होणारा, त्यामुळे नव्या प्रोग्रॅममध्ये बसवताना सगळे पत्ते हाताने बेरीज करून बदलावे लागत. चुका व्हायच्या त्या उतरवण्यात आणि बेरजेत. हॉपर यांनी हे तुकडे टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि १९५२ मध्ये ‘ए-झिरो’ तयार केला. क्रमांक सांगा, तुकडे गोळा करून पत्ते यंत्र बसवील. कम्पायलर म्हणजे संकलक, हे नाव त्यावरूनच. आजच्या भाषेत तो खरे तर लिंकर होता, आणि विद्यार्थ्याची ती एररही लिंकरचीच असते. लायब्ररी जोडलीच नाही, फोल्डरचा पत्ता चुकला किंवा कमांडमध्ये लायब्ररी आधी आणि ती वापरणारी फाइल नंतर लिहिली, ही तिची नेहमीची कारणे. शेवटची नव्हे, पहिली एरर आधी वाचावी.

एकच कोड एका कम्पायलरवर चालतो, दुसऱ्यावर अडतो, हेही दुखणे जुनेच. १९६७ मध्ये नौदलाने हॉपर यांना निवृत्तीतून परत बोलावले. कोबोल भाषेचे वेगवेगळे कम्पायलर एकाच मापाने तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या गटाने तयार केल्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या हॉपर १९८६ पर्यंत सेवेत राहिल्या, निवृत्त झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.