आधी आईच्या हाती व्हायोलिन

शिनिची सुझुकी व्हायोलिनच्या कारखान्यात वाढले, पण त्यांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते. त्यांचा जन्म जपानमधील नागोया शहरी १७ ऑक्टोबर १८९८ रोजी झाला. वडील मासाकिची हे मूळचे शामिसेन या जपानी तंतुवाद्याचे कारागीर. पुढे त्यांनी व्हायोलिनचा मोठा कारखाना उभारला. शिनिची व त्यांची भावंडे तेथेच खेळत वाढली; परंतु व्हायोलिन हे त्यांना खेळण्यापलीकडे काही वाटत नसे. शिनिची सुमारे सतरा वर्षांचे असताना त्यांनी मिशा एल्मन या वादकाची तबकडी ग्रामोफोनवर ऐकली आणि ते थक्क झाले. आपल्या कारखान्यातील पेटीतून असा आर्त स्वर निघू शकतो! त्यांनी एक व्हायोलिन घरी आणले आणि तबकडी पुन्हापुन्हा ऐकून आपले आपण सूर शोधू लागले.

पुढे ते जर्मनीस गेले. बर्लिनमध्ये कार्ल क्लिंगलर यांच्याजवळ शिकले, आणि १९२८ साली वाल्ट्राउट प्रांगे यांच्याशी विवाह करून मायदेशी परतले. वय वाढल्यावर वाद्य शिकण्यास किती कष्ट पडतात, आणि परकी भाषाही जिभेवर किती जड जाते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१९३० नंतर एके दिवशी एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या तोशिया एतो या मुलाला घेऊन आले व त्याला शिकवा म्हणाले. एवढ्या लहान मुलाला कसे शिकवावे, हे सुझुकींना समजेना. विचार करता करता त्यांना एक अगदी साधी गोष्ट उमगली. जपानमधील प्रत्येक मूल जपानी भाषा बोलते! तिच्यासाठी कोणी परीक्षा घेऊन मुले निवडत नाही. आपल्याकडेही बेळगावचे मूल घरात मराठी आणि गल्लीत कानडी सहज बोलते. त्याला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. ते रोज ऐकते, बोबडे बोलते, घरचे कौतुक करतात, आणि शिकलेला शब्द ते रोज वापरते. मग संगीत असेच का शिकू नये? छोटा तोशिया पुढे नामांकित वादक झाला.

या विचारातून त्यांची पद्धत घडली. मुलाच्या हाती लगेच वाद्य द्यायचे नाही. घरी रोज तबकडी लावायची, म्हणजे चाल कानात मुरते. आधी आईने शिकायचे. तेही मुलाच्या मापाच्या छोट्या व्हायोलिनवर. आई वाजवते हे पाहून मूल आपण होऊन ते मागू लागले, की समजावे वेळ आली. मग नीट उभे राहणे, वाद्य हनुवटीखाली धरणे, गज सैल बोटांनी पकडणे. आणि पहिली चाल ‘ट्विंकल ट्विंकल’ची, निरनिराळ्या ठेक्यांत. मुलाचे लक्ष उडाले की धडा संपला, मग तो दोन मिनिटांचा का असेना. जुनी चाल टाकून द्यायची नाही. तीच अधिक गोड वाजवायची. वाचन मात्र मागाहून, जसे मूल आधी बोलते व नंतर अक्षरे गिरवते. मुलांना नोटेशन उशिरा येते, अशी टीका या पद्धतीवर झाली, आणि शिक्षकांना तिकडे लक्ष द्यावे लागले.

युद्धकाळात व्हायोलिनचा कारखाना विमानांसाठी लाकडी भाग बनवू लागला. सुझुकी किसो-फुकुशिमाच्या डोंगराळ भागात राहिले. अन्नाची वानवा होती. युद्ध संपल्यावर त्यांना आपल्या कोजी तोयोदा या छोट्या शिष्याची आठवण झाली. त्याचे आईवडील वारल्याचे कळताच त्यांनी रेडिओवरून त्याचा शोध करविला आणि त्याला आपल्या घरी आणून वाढविले. १९४६ साली मात्सुमोतो येथे त्यांची शाळा सुरू झाली. देश पराभूत, घरे उद्ध्वस्त. अशा वेळी ते चिमुकल्या मुलांच्या हाती व्हायोलिन देत होते.

तेथे सहा वर्षांची एक मुलगी आली. पोलिओमुळे तिचा उजवा हात तिच्या ताब्यात नव्हता, आणि वाजवताना गज हातातून उडून जाई. आईला हताश वाटू लागले, तरी सुझुकींनी तिला सोडले नाही. आई रोज बसत राहिली. काही महिन्यांनी ती मुलगी ती पहिली चाल अखेरपर्यंत वाजवू लागली.

१९५५ साली टोकियोत सुमारे १,२०० मुलांनी एकत्र वादन केले. १९६१ साली थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी अशीच शेकडो मुले ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. १९६४ साली सुझुकी दहा मुलांना घेऊन अमेरिकेस गेले. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. २६ जानेवारी १९९८ रोजी, नव्व्याण्णव वर्षांचे असताना, मात्सुमोतो येथे त्यांचे निधन झाले.

सगळी मुले वादक व्हावीत, असा त्यांचा हेतू नव्हता. त्यांची मने कोमल व चित्त स्थिर व्हावे, हे त्यांना हवे होते. म्हणून पालकहो आणि शिक्षकहो, अमक्याला गळा नाही, तमक्याला हात नाही, असा शिक्का मुलावर मारण्यापूर्वी थांबू या. त्याने घरात काय ऐकले आहे? त्याच्या शेजारी रोज कोण बसले आहे? व्हायोलिन विकत घेण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच द्यायची आहेत.