बडोद्याची शिष्यवृत्ती आणि रुपयाचा प्रश्न

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला महाडचे तळे आठवते, घटना आठवते, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेब परदेशी गेले ते अर्थशास्त्र शिकायला, आणि आयुष्यातली पहिली मोठी विद्या त्यांनी व्यापार आणि पैसा या विषयात मिळवली. याबद्दल आपल्या सभांतून फार कमी बोलले जाते. ही विद्या त्यांना एका शिष्यवृत्तीने दिली. ती शिष्यवृत्ती कशी मिळाली, तिची किंमत काय पडली आणि तिचा उपयोग कोणाला झाला, एवढेच मी येथे सांगणार आहे.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी आणि फारसी विषय घेऊन बी. ए. झाले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्याच्या पोराला ते शिकवायला शाळेतच नकार मिळाला, म्हणून फारसी. कॉलेजसाठी बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज दरमहा २५ रुपये देत होते. महाराजांपर्यंत पोहोचवण्याचे काम कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी केले. पुढे १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले न गेले तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी वारले. ज्या बापाने पदरमोड करून, दागिने गहाण टाकून पोराला पुस्तके आणून दिली, त्याला पोराचे पुढचे वैभव बघायला मिळाले नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ ला करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. भीमरावांनी सही केली आणि जुलैत न्यूयॉर्क गाठले. कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. तिथे नवल भथेना नावाचा जन्माचा मित्र भेटला.

त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे एकूण २९ अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. अभ्यास रोज अठरा अठरा तास. चैन नाही, नाटक-सिनेमा नाही. इकडे रमाई परळच्या चाळीत हालाखीत दिवस काढत होत्या. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरल्यात जेवायचे, आणि त्यातूनही वाचवून जुनी पुस्तके घ्यायची. १९१५ साली एम. ए. झाले. त्यासाठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारताच्या व्यापारावर होता. आपला देश जुन्या काळी पश्चिमेकडच्या देशांशी कोणता व्यवहार करी, कंपनी सरकारच्या अखेरीस त्याची काय दशा झाली, हा त्याचा विषय. हा प्रबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, आता तो शासनाने काढलेल्या बाराव्या खंडात वाचायला मिळतो.

१९१६ ला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. महाराजांच्या दिवाणाने परत बोलावले. अभ्यास अर्धवट टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तकांचे सामान ज्या बोटीत होते ती बोट बुडवली गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्याला गेले. आता बघा, कोलंबियात शिकलेला हा माणूस, महाराजांचा अधिकारी, पण त्याला राहायला गावात खोली मिळेना. शिपाई लांबून टेबलावर कागद फेकत. प्यायला पाणी मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे. बाहेर पडून झाडाखाली बसले आणि रडले. शिष्यवृत्तीचे कर्ज फेडायला गेलेल्या माणसाला जातीने ते फेडू दिले नाही. कराराची दहा वर्षे सोडा, काही दिवसांत त्यांना मुंबईला परतावे लागले.

१९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम या व्यापार आणि अर्थशास्त्राच्या सरकारी कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झालीच. पगारातला पैसा साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेऊन आणि भथेनांकडून उसने घेऊन १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसले. 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी निष्कर्ष न बदलता पुन्हा लिहून पाठवला, आणि १९२३ ला डी. एस्सी. मिळाली.

या ग्रंथातला एक मुद्दा आपण गिरणगावच्या लोकांनी नीट समजून घ्यावा. त्या काळी इंग्लंडचे चलन सोन्याचे, आपले चांदीचे. चांदी स्वस्त झाली तसा रुपया घसरला. रुपया घसरला की परदेशात माल विकणाऱ्याला त्याच पौंडाचे जास्त रुपये मिळतात. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जायचे. मालक खूश, आणि पुष्कळ शहाणे म्हणत की यात देशाचा फायदा आहे. बाबासाहेबांनी हिशोब मांडला तो असा: रुपया घसरला की बाजारात भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे निर्यात करणाऱ्याला जो जादा नफा दिसतो, तो आकाशातून पडत नाही, तो मजुराच्या ताटातून जातो. १९२५ साली रॉयल कमिशनपुढे साक्ष देतानाही, चलनाचा दर ठरवताना कष्टकरी माणसाचे काय होईल हे त्यांनी डोळ्याआड केले नाही.

मी स्वतः गिरणीत काम केलेला माणूस आहे. पगार तेवढाच आणि रेशन महाग, हे आम्ही रोज भोगले. पण ते असे का होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. वयाची चाळिशी उलटल्यावर शब्दकोश जवळ घेऊन वाचायला लागलो तेव्हा कळले की आमच्या आजोबांच्या काळातच आपल्या बापाने लंडनला बसून आमच्या पगाराचा हिशोब मांडून ठेवला होता.

आणि तो हिशोब पुस्तकातच राहिला नाही. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईचे कामगार रस्त्यावर आणले. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचे बिल मांडले, ते १९४६ ला पास झाले. याच काळात त्यांनी सरकारपुढे अस्पृश्य मुलांच्या परदेशी शिक्षणाची मागणी लावून धरली. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढले, तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणारा पोरगा शिकेल. १९५३ ला व्यापार आणि अर्थशास्त्राचे वेगळे कॉलेज सुरू केले. १९५२ ला कोलंबियाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली तिच्यावर लंडन-अमेरिकेला जातात. आई-बाप विमानतळावर हार घालतात, फोटो काढतात. आनंद आहे, मोठा आनंद आहे. पण माझी या मुलांना हात जोडून विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या कागदावर तुमची एकट्याची सही असते, पण तिच्यामागे उपाशी राहिलेली रमाई असते, बडोद्याच्या झाडाखाली बसलेला एक माणूस असतो. त्याला बडोद्याने कर्ज फेडू दिले नाही, म्हणून त्याने ते आपल्या सगळ्यांना फेडले. तुम्हाला तर कोणी अडवलेले नाही. परत आल्यावर निदान महिन्यातून एक रविवार विहारात या, आणि जे शिकलात ते खालच्या चाळीतल्या पोरांना समजेल अशा भाषेत सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!