ना. म. जोशी: कारखान्यात विषबाधा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला कसा मिळाला?

असोदा म्हटलं की आपल्याला बहिणाबाई आठवतात. पण आज जळगाव तालुक्यातल्या अशा गावांमधली बरीच पोरं शेतीऐवजी औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांवर जातात. तिथे रसायनं हाताळायची, वाफा छातीत घ्यायच्या आणि तब्येत बिघडली की घरी बसायचं, हे अनेकांना नशीबच वाटतं. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या वाघाडीत रसायन कारखान्यात स्फोट झाला, किमान १३ जीव गेले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो भरपाईचा.

ही भरपाई म्हणजे मालकाची मेहेरबानी नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. या हक्कासाठी ज्यांनी आयुष्य खर्ची घातलं, त्यांचं नाव मुंबईत लोअर परळला रस्त्याच्या पाटीवर आहे: ना. म. जोशी.

मास्तरकी सोडली आणि चाळीत गेले

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. बहिणाबाईंपेक्षा ते एका वर्षाने मोठे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, काही वर्षं शिक्षक म्हणून काम केलं. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने अशी कामं गिरणगावात उभी राहिली. कामगार कशाने आजारी पडतो आणि हातपाय गेल्यावर त्याच्या घरची चूल कशी विझते, हे त्यांनी चाळींमध्ये जवळून पाहिलं.

वॉशिंग्टनला काय घडलं?

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी होते जोशी. याच परिषदेने बायका-मुलांना शिशाच्या विषबाधेपासून वाचवण्याची आणि काडेपेटीत पांढरा फॉस्फरस वापरण्यावर बंदी घालण्याची शिफारस केली. कामाच्या जागेवरचं विष हा जगाने मिळून सोडवायचा प्रश्न आहे, हे तिथे मान्य झालं.

परत आल्यावर १९२० मध्ये आयटक स्थापन करणाऱ्यांमध्ये ते होते. १९२१ पासून ते केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी झाले आणि १९४७ पर्यंत तिथे बोलत राहिले.

१९२३ चा कायदा इतका महत्त्वाचा का?

त्याआधी कामावर कुणी मेलं, तर घरच्यांच्या हाती १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा होता. त्यात दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागे. गिरणीतल्या मजुराच्या विधवेला ते कुठून जमणार?

मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आता मालकाची चूक दाखवण्याची गरज उरली नाही. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, एवढं पुरे. निवाड्यासाठी वेगळे आयुक्त नेमले गेले. शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आली.

पण कायदा अपुरा होता, रकमा तुटपुंज्या होत्या. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे जोशी सदस्य होते. १९३१ च्या त्या अहवालानंतर १९३३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली.

सगळीकडे यश आलं असंही नाही. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या मदतीचं विधेयक आणलं, ते केंद्रात फेटाळलं गेलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात मतभेद होऊन जोशी आणि त्यांचे सहकारी आयटकमधून बाहेर पडले. पुढे एकी झाल्यावर ते पुन्हा सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ ला त्यांचं निधन झालं.

आज कामगाराने काय लक्षात ठेवायचं?

१९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ तत्त्वं तीच राहिली:

• यादीत शिसं, पारा, बेंझिन, क्रोमियम, आर्सेनिक यांची विषबाधा आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजारही आहे, जिनिंगच्या खानदेशात हे विसरू नका.

• रसायनांच्या अशा विषबाधेत किमान सहा महिने सलग नोकरी झाली असेल, तर आजार कामामुळेच झाला असं धरलं जातं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं.

• यादीबाहेरचा आजार असेल तर वाट अवघड. तो कामावरच्या विशिष्ट अपघातातूनच झाला, हे दाखवावं लागतं.

• कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यू झाला तर ५० टक्के रक्कम धरून तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. तरुण कामगारासाठी तो आकडा मोठा असतो. कायद्याने किमान रकमाही ठरवल्या आहेत.

• पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर दावा मालकाकडे करायचा नसतो, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे करायचा असतो.

• दाव्याला मुदत असते. हजेरीपत्रक, पगाराची पावती आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. कोणत्या रसायनावर काम करता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो. केसपेपरवर नुसता खोकला किंवा अंगावर पुरळ एवढंच लिहिलेलं असेल, तर पुढे कामाशी संबंध जोडणं कठीण होतं. मालकाची चूक सिद्ध करण्याचं ओझं १९२३ मध्येच कामगाराच्या डोक्यावरून उतरलं. काम आणि आजार यांची नोंद कागदावर आणणं मात्र आजही त्यालाच करावं लागतं.