पॉल माउझर: रायफलला 'कडी' लावणारा माणूस

नवीन फोन घेताना आपण काय करतो? प्रोसेसर बघतो, कॅमेरा बघतो, दोन मॉडेल शेजारी ठेवून तुलना करतो. नेमबाजी किंवा शिकारीसाठी रायफल निवडणारे लोकही तेच करतात. तिथेही स्पेसिफिकेशन असतात: बोल्टला लग किती, फीड कुठला, मॅगझिन कसं, सेफ्टी कशी. गंमत म्हणजे या यादीतल्या बऱ्याच गोष्टी एकाच माणसाच्या कारखान्यातून आल्या आहेत. त्याचं नाव पॉल माउझर. आज त्याची गोष्ट बघूया, म्हणजे बोल्ट-अॅक्शन रायफल कशी काम करते तेही आपोआप समजेल.

आधी समजून घेऊ: बोल्ट-अॅक्शन म्हणजे काय?

दाराची लोखंडी कडी आठवा. आडवी सरकवायची आणि दांडी खाली वळवायची, की दार घट्ट बंद. बोल्ट-अॅक्शनचं तत्त्व हेच. नळीच्या मागच्या टोकाला एक धातूचा दांडा असतो, तो म्हणजे बोल्ट. हँडल वर उचलून मागे ओढलं की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकललं की नवं काडतूस नळीत जातं. हँडल खाली वळवलं की बोल्टवरचे उंचवटे, म्हणजे लग, खाचेत अडकतात आणि दार बंद होतं.

हे दार नीट बंद होणं फार महत्त्वाचं आहे. गोळी सुटताना आत प्रचंड दाब तयार होतो आणि नेमबाजाचा चेहरा त्या दारापासून काही इंचांवर असतो. माउझरचं सगळं आयुष्य या एका दाराभोवती फिरलं.

गरीब घर आणि मठातला कारखाना

पॉलचा जन्म 27 जून 1838 रोजी जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग राज्यात, नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी झाला. घरात 13 भावंडं, आणि पॉल सगळ्यात धाकटा. वडील राजाच्या शस्त्र कारखान्यात कारागीर होते. हा कारखाना एका जुन्या मठाच्या इमारतीत चालायचा. पॉल आणि त्याचा मोठा भाऊ विल्हेल्म दोघंही लहान वयातच तिथे कामाला लागले.

1859 मध्ये पॉल सैन्यात भरती झाला आणि लुडविग्सबर्गच्या शस्त्रागारात पोहोचला. त्या काळी प्रशियाची ड्रायझे 'सुई बंदूक' गाजत होती. तिला बोल्ट होता, पण काडतूस कागदाचं. लांब सुई कागद फोडून आत ठिणगी पाडायची. अडचणी दोन होत्या: मागच्या फटीतून गरम वायू नेमबाजाकडे यायचा, आणि सुई ताणायला वेगळी हालचाल करावी लागायची.

पॉलने यावर काम सुरू केलं. त्याच्या बोल्टमध्ये हँडल वळवतानाच स्प्रिंग आपोआप ताणली जायची. धातूचं काडतूस आल्यावर वायूची गळतीही खूप कमी झाली, कारण दाबाने पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते आणि फट बंद करते.

पहिलं यश, पण खिसा रिकामाच

दोघा भावांची कामाची वाटणी सरळ होती. पॉल यंत्र बघायचा, विल्हेल्म व्यवहार. सुरुवातीला त्यांच्या कल्पनेला घरी गिऱ्हाईक मिळालं नाही. सॅम्युअल नॉरिस नावाच्या अमेरिकन माणसाने करार केला आणि 1867 मध्ये दोघं बेल्जियममधल्या लिएजला गेले. पुढे हा करार बारगळला आणि पॉल गावी परतला.

अखेर 2 डिसेंबर 1871 रोजी प्रशियाने त्यांची रायफल स्वीकारली. ही ती मॉडेल 71. कॅलिबर 11 मिलिमीटर, एका वेळी एकच गोळी. मात्र भावांच्या हाती अपेक्षेपेक्षा खूपच कमी पैसे पडले आणि मोठी कामं सरकारी कारखान्यांकडे गेली.

तरी त्यांनी हिंमत केली. 1874 मध्ये बँकेच्या भागीदारीत त्यांनी ओबर्नडॉर्फचा तो राजाचा कारखानाच विकत घेतला. जिथे वडील नोकरी करत होते, त्या जागेचे आता ते मालक होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्याला मोठी आग लागली. पुन्हा उभारणी झाली. पण 1882 च्या जानेवारीत विल्हेल्म गेला आणि व्यवहार सांभाळणारा माणूसच उरला नाही.

स्वतःच्याच देशाने बाजूला ठेवलं

1886 मध्ये फ्रान्सने लेबेल रायफल आणली. तिची दारू जवळपास धूर न करणारी होती. गोळी छोटी आणि वेग जास्त. एका झटक्यात युरोपातल्या बाकी सगळ्या रायफली 'आउटडेटेड' झाल्या. जर्मनीने घाईघाईने 1888 ची नवी रायफल बनवली, पण ती एका सरकारी समितीने ठरवली. त्या कामात माउझरला घेतलंच नाही!

त्याआधी, 1887 मध्ये, तुर्कस्तानकडून 5 लाख रायफलींची ऑर्डर आली होती. त्याच सुमारास कंपनीचा ताबा बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीकडे गेला. नाव माउझरचं, पण मालकी दुसऱ्याची. पॉलकडे तांत्रिक काम राहिलं.

आणि तिथेच त्याने खरी कमाल केली. पुढच्या दहा वर्षांत त्याने परदेशी ग्राहकांसाठी एकामागून एक 'अपडेट' काढले:

- 1889, बेल्जियम: बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन लग. कुलूप काडतुसाच्या अगदी जवळ आलं. शिवाय पट्टीवर लावलेली 5 काडतुसं अंगठ्याने एकदम आत दाबायची सोय.
- 1893, स्पेन: मॅगझिनमध्ये काडतुसं दोन ओळींत नागमोडी बसवली, त्यामुळे ते दस्त्याच्या आतच मावलं. सोबत 7×57 मिलिमीटरचं काडतूस. बोल्टला लांब पंजा आला, जो काडतूस मॅगझिनमधून बाहेर येतानाच पकडतो.
- 1898, जर्मनी: वरचं सगळं, शिवाय मागे तिसरा राखीव लग, वायू बाजूला काढणारी छिद्रं आणि नेमबाजाच्या चेहऱ्यापुढे रुंद कडा. सेफ्टी तीन टप्प्यांची.

दहा वर्षांपूर्वी बाजूला ठेवणाऱ्या देशाने 5 एप्रिल 1898 रोजी त्याचीच रायफल स्वीकारली. हीच ती प्रसिद्ध माउझर 98.

शत्रूनेही रॉयल्टी भरली

1898 च्या क्युबातल्या लढाईत स्पॅनिश सैनिकांच्या हातात 7 मिलिमीटरची माउझर होती. समोरच्या अमेरिकन क्रॅग रायफलीत काडतुसं सुटी भरावी लागायची. अमेरिकेने हा धडा घेतला आणि 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल बनवली. ती माउझरच्या इतकी जवळची होती की अमेरिकन सरकारला पेटंटपोटी 2 लाख डॉलर मोजावे लागले.

एक डोळा गेला

98 नंतर पॉल थांबला नाही. हाताने बोल्ट न ओढता आपोआप भरणारी रायफल त्याला हवी होती. 1901 मध्ये अशाच एका रायफलची चाचणी घेताना अपघात झाला आणि त्याने एक डोळा गमावला. ज्या माणसाने नेमबाजाचा चेहरा वाचवण्यासाठी छिद्रं आणि कडा जोडल्या, त्यालाच ही किंमत मोजावी लागली. तरी त्याने काम सोडलं नाही. 1898 ते 1903 तो जर्मन संसदेचा सदस्यही होता.

29 मे 1914 रोजी तो वारला. दोनच महिन्यांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याची रायफल लाखो सैनिकांच्या हातात गेली. दाब सुरक्षित पेलणारी ही यंत्रणा नेमबाजाला वाचवत होती आणि समोरच्याला मारत होती. त्याची गोष्ट सांगताना ही दुसरी बाजू लपवून चालणार नाही.

आज रायफल निवडताना माउझर कुठे दिसतो?

- शिकारीसाठी: लांब पंजाची पद्धत, म्हणजे 'कंट्रोल्ड फीड'. गडबडीत, रायफल तिरकी असतानाही काडतूस सुटत नाही. धोकादायक जनावरासमोर हे महत्त्वाचं. 1936 ची विंचेस्टर मॉडेल 70 याच वळणाची.
- लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी: इथे 'पुश फीड' चालतो. 1962 ची रेमिंग्टन 700 तशी आहे. रचना सोपी, बनवायला स्वस्त. नेमबाज निवांत बसलेला असतो, त्यामुळे पंजापेक्षा जड नळी, हलका ट्रिगर आणि दस्त्याची घट्ट बैठक जास्त कामाची.
- वजन: जड रायफल कमी हलते, पण डोंगरात दिवसभर वाहून नेता येत नाही. दोन्ही फायदे एकाच रायफलीत पूर्ण मिळत नाहीत.

जिम कॉर्बेटचं उदाहरण घ्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल 1907 मध्ये त्याला .275 रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची यंत्रणा माउझरची, आणि .275 रिग्बी म्हणजे तेच 7×57 काडतूस, फक्त इंग्रजी नावाने. पायी हिंडणाऱ्या माणसाला हलकी रायफल सोयीची होती.

भारतात आता शिकार हा पर्यायच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि अशा रायफलीसाठी शस्त्र परवाना लागतो. पण नेमबाजीचा खेळ जोरात आहे, आणि त्यात कोल्हापूरचं नाव मोठं. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफलमध्ये जगज्जेती झाली. स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. या प्रकारातल्या बहुतेक रायफली आजही बोल्ट-अॅक्शनच असतात.

पुढच्या वेळी टीव्हीवर नेमबाज हँडल उचलून मागे ओढताना दिसला, तर ती कडी नीट बघा. वर, मागे, पुढे, खाली. ओबर्नडॉर्फच्या त्या धाकट्या मुलाने आयुष्यभर याच चार हालचाली सुधारल्या.