मल्लवीर खाशाबा जाधव : मातीचा कायदा व गादीचा कायदा

हुतूतू खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. संजीवनीच्या डावात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन येतो, म्हणून तेथे चढाई करणारा धिटाईने आत घुसतो. गामिनीच्या डावात गेलेला गडी गेलाच. तेथे गडी तेच, अंगण तेच, दमही तोच, पण पाऊल मात्र जपून पडते. नियमाचे एक वाक्य बदलले की खेळणाऱ्याचे अंग निराळे वळू लागते. हुतूतूत हा फरक एका सायंकाळच्या खेळापुरता असतो. परंतु एका कायद्यात वाढलेल्या मनुष्यास ऐन तारुण्यात दुसऱ्या कायद्याखाली जगापुढे उभे राहावे लागले, तर त्याचे काय होते? कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र आम्हांस या दृष्टीने विशेष मननीय वाटते. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिले, हे बहुतेकांस ठाऊक असते. ते कोणत्या अडचणीतून मिळाले, हे थोड्यांस ठाऊक असते.

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल होते, त्यामुळे चालावयास येते न येते तोच मुलाच्या अंगास आखाड्याची माती लागली. त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देण्याच्या कामी या शाळकरी मुलाचाही हात होता. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांच्या काळापासून मल्लविद्येचे माहेरघर. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद.

खाशाबा शिकले ती कुस्ती आमच्या जिल्ह्यातील वाचकांस परकी नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ती प्रतिवर्षी पाहावयास मिळते. हलगी कडाडते, दोघे मल्ल लाल माती एकमेकांच्या अंगावर टाकतात, सलामी होते व खडाखडी सुरू होते. या कुस्तीचा मूळ कायदा अगदी साधा आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चितपट झाला, की कुस्ती संपली; तोवर जुन्या रीतीने घड्याळास तेथे फारसे काम नसे. घटकाभर कोणी कोणास हलवू शकला नाही तरी प्रेक्षक कंटाळत नसत, कारण दमसास ही देखील परीक्षेचीच बाब होती. गुण मोजण्याचा प्रश्नच नव्हता. मल्ल पालथा पडून मातीस बिलगून राहिला, तरी त्यात त्याचे काही उणे होत नसे. उलट ती एक संरक्षणाची रीतच होती. माती भुसभुशीत असल्यामुळे पाय किंचित रुतत, चाल सावकाश पडे, आणि घामाने निसरड्या झालेल्या अंगावर माती चोळली की पकड बसे. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, धोबीपछाड इत्यादी डाव याच जमिनीवर व याच कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या घडत आले.

१९४८ च्या उन्हाळ्यात लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. त्या वर्षाच्या आरंभी, ३० जानेवारी रोजी, आमच्या उमरीच्या बँकेवर मुक्तिसैनिकांनी छापा घातला होता, आणि सामने संपले तेव्हाही मराठवाडा निजामाच्याच अमलाखाली होता. इकडे असा काळ चालू असता कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने हा बावीस वर्षांचा तरुण इंग्लंडला पोहोचला. तेथे त्याच्यापुढे माती नव्हती, गादी होती. गादीवर आंतरराष्ट्रीय नियमांनी लढण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता.

गादीचा कायदा काय होता, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे. वजनाचे गट ठरलेले. खाशाबा त्या वेळी ५२ किलोच्या गटात होते. कुस्तीस पंधरा मिनिटांची मुदत. तेवढ्यात कोणी चितपट झाला नाही तर पंच बहुमताने निर्णय देत. अर्थात नुसते न पडणे पुरेसे नव्हते. आपण वरचढ आहो हे पंचांस दिसावे लागे. मातीत बिलगून राहणे हा शहाणपणा ठरे, गादीवर तोच दुबळेपणा ठरे. गादी कठीण व सपाट. तीवर पाऊल चपळ पडते व हल्ला क्षणार्धात येतो. अंगाला लावावयास माती नाही, तेव्हा पकड हातांच्या रचनेतून व अंगाच्या तोलातूनच साधावी लागते. गादीबाहेर पाय गेला की पुन्हा मध्यावर यावे लागते, म्हणून जागेचेही भान हवे.

याशिवाय त्या काळी दोषांकांची पद्धत होती. हरणाऱ्यास दोषांक मिळत हे उघडच आहे. परंतु केवळ पंचांच्या निर्णयाने जिंकणाऱ्यासही एक दोषांक लागे. चितपट करणारा मात्र निष्कलंक राही. पाच दोषांक भरले की मल्ल स्पर्धेतून बाद. म्हणजे गादीच्या या परक्या कायद्यात एक कलम मातीच्या बाजूचे होते. निकाली कुस्ती करण्याची ज्यास सवय, त्यास त्याचा लाभ मिळण्याजोगा होता; मात्र तो निकाल पंधरा मिनिटांच्या आत काढता आला पाहिजे.

लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने खाशाबांस शिकविण्याचे काम पत्करले. हा स्वतः हलक्या वजनाच्या गटातील गाजलेला मल्ल होता. खाशाबांच्या पायांतील चपळाई त्याने हेरली. आमच्या मते या शिक्षकाची थोरवी अशी की, त्याने कोल्हापूरची विद्या पुसून टाकण्याचा यत्न केला नाही; तिच्यातील जे गादीवर चालेल ते वेगाने कसे वापरावे, एवढेच दाखविले. अल्पावधीत तयारी झाली तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यास काही मिनिटांतच लोळविले व अमेरिकेच्या बिली जर्निगन यासही हरविले. इराणच्या मन्सूर रईसी याच्यापुढे मात्र त्यांचे चालले नाही. ते सहावे आले. तोवर कोणाही भारतीयास या हलक्या गटात इतके वर जाता आले नव्हते. तथापि घरी परतताना खाशाबांच्या मनात समाधानापेक्षा हुरहूर अधिक असावी, असे पुढील चार वर्षांतील त्यांच्या मेहनतीवरून दिसते.

१९५२ च्या हेलसिंकी येथील सामन्यांसाठी त्यांनी एक गट वरचा, ५७ किलोचा, पत्करला. परंतु गादीवर जाण्यापूर्वी त्यांस घरच्याच अडचणींशी झोंबी घ्यावी लागली. मद्रास येथील राष्ट्रीय सामन्यांत आपणांवर गुणांच्या बाबतीत अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवडचाचणीत पुन्हा उतरण्याची संधी मिळविली आणि तेथे प्रतिस्पर्ध्यास चितपट करून आपली जागा घेतली. गुणांवर ज्याचा विश्वास उडाला, त्याने मातीचा जुना निर्विवाद निकालच पुढे केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे पैशाचा प्रश्न आला. घरोघर व गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाच्या पेशात आम्ही बरीच वर्षे घालविली आहेत; विद्यार्थ्यासाठी शब्द खर्चणारे पुष्कळ पाहिले, घर गहाण टाकणारा क्वचितच ऐकिला.

हेलसिंकीस कॅनडाचा पोलिक्विन व मेक्सिकोचा बासुर्तो या दोघांस खाशाबांनी चितपट केले. जर्मनीच्या श्मित्सवर त्यांनी पंचांच्या निर्णयाने विजय मिळविला. येथे लंडनहून निराळा खेळाडू दिसतो. पहिल्या दोन कुस्त्यांत माती बोलते, तिसरीत गादी. निकाल निघत नसेल तर वरचढपणा दाखवून कुस्ती पदरात पाडून घेण्याची जी नवी विद्या, तीही त्यांनी आत्मसात केली होती.

नंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. या इशीची हकीकतही आमच्या विषयास धरूनच आहे. तो मूळचा ज्युडोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानात परक्यांचा अंमल आला, ज्युडोवर बंदी पडली, आणि तो कुस्तीकडे वळला. म्हणजे गादीवर समोरासमोर उभे असलेले दोघेही दुसऱ्याच कायद्यात वाढलेले होते. दोघांनीही आपले जुने अंगवळण नव्या चौकटीत बसविले होते. ही कुस्ती पुऱ्या मुदतीपर्यंत रंगली व थोडक्यात इशीच्या बाजूने निकाल लागला. तोच पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला, आणि त्या वर्षीचे जपानचे ते एकमेव सुवर्णपदक होते.

त्या दमछाकीनंतर लगेच खाशाबांस सोव्हिएट रशियाच्या रशीद मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यास बोलावण्यात आले, असे वृत्तान्त सर्वत्र आढळते. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून हरकत घेण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. परक्या नियमांशी जुळवून घेण्यात या खेड्यातील मुलाने आयुष्याची चार वर्षे घालविली; त्याच नियमांत त्याच्या रक्षणासाठी लिहिलेले एक कलम होते, ते मात्र त्याच्या कामी आले नाही. प्रेषित पौलाने तीमथ्यास पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात, मल्लाने नियमाप्रमाणे लढल्याखेरीज त्यास मुगुट मिळत नाही अशा आशयाचा दृष्टान्त योजिला आहे. लढणाऱ्याचे कर्तव्य त्यात आले. लढविणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे, ही जोड हेलसिंकीच्या प्रसंगावरून द्यावीशी वाटते. आमच्या शाळांतून मुलांस बाहेरगावच्या सामन्यांस व परीक्षांस नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी नियमावली स्वतः वाचून ठेवावी, हे आमचे जुने गाऱ्हाणे आहे, असो.

खाशाबांस कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२. त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडील केशव माणगावे हे आपल्या गटात चौथे आले, हेही येथे नमूद करावे. कराडहून गोळेश्वरपर्यंत खाशाबांची मिरवणूक निघाली, तीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. मग त्यांनी कुस्त्यांचा फड भरविला, त्यात स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे गहाण घर सोडविले. पदकापेक्षाही हे कृत्य आम्हांस मोठे वाटते.

कुस्तीचा कायदा त्यानंतरही स्थिर राहिला नाही. पंधरा मिनिटांची मुदत कमी होत होत सहा मिनिटांवर आली, दोषांक गेले, प्रत्येक डावास गुण ठरले. २००५ पासून दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या सुरू झाल्या, आणि फेरी कोरी राहिली तर पिशवीतून चेंडू काढून पाय धरण्याचा हक्क कोणाचा, हे ठरविले जाई. परिणाम असा झाला की पुष्कळ मल्ल दोन मिनिटे नुसते सांभाळून काढीत. २०१३ च्या फेब्रुवारीत कुस्ती ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस झाली, तेव्हा नियमकर्ते जागे झाले. त्याच वर्षी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या व गुणांची एकत्र बेरीज अशी पद्धत आली, आणि स्वस्थ राहणाऱ्यावर तीस सेकंदांचे बंधन पडले. त्या अवधीत त्याने गुण न मिळविल्यास तो प्रतिस्पर्ध्यास मिळे. कुस्ती ऑलिंपिकमध्ये टिकली, आणि २०१६ साली साक्षी मलिक पाच गुणांनी मागे असूनही अखेरच्या क्षणी ८ विरुद्ध ५ अशी जिंकून कांस्यपदक घेऊन आली. बेरजेच्या कायद्यात मागे पडलेल्यास शेवटपर्यंत आशा असते. संजीवनीच्या डावासारखेच ते. आमच्याकडे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन्ही विभाग ठेवून दोन्ही विभागांतील विजेत्यांची शेवटी गाठ घालण्याची रीत पडली, ती आम्हांस न्याय्य वाटते.

खाशाबांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची आशा संपली. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून शिरले होते. तेथे त्यांनी २७ वर्षे नोकरी केली, खात्यातील खेळाडूंस शिकविले, व साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांस झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतरही बारा वर्षे, १९९६ साली लिअँडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवीपर्यंत, भारताच्या नावावर दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले नव्हते. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला. २०१० साली राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीगृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्या गृहातील कुस्त्या गादीवरच झाल्या.